वीस युनिट म्हणजे किती?

‘चाळीसची की शंभरची?’ इन्सुलिनची सिरिंज मागितली की केमिस्ट आधी हे विचारतो. लाल टोपणाची चाळीसची, केशरी टोपणाची शंभरची. भारतात इन्सुलिनच्या बाटल्या अजूनही दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट.

हे युनिट आलं सशांकडून.

१९२२च्या जानेवारीत टोरंटोमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मधुमेही मुलाला स्वादुपिंडाचा अर्क, म्हणजे सुरुवातीचं इन्सुलिन, टोचला. पहिला अर्क गढूळ निघाला. जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने शुद्ध केलेल्या दुसऱ्या अर्काने मात्र त्याची साखर उतरली. पण प्रत्येक घाण्याची ताकद निराळी, आणि त्या अर्कात खरं औषध किती नि गाळ किती, हे तराजू सांगणार नव्हता. मग मोजायचा तो परिणामच. चोवीस तास उपाशी ठेवलेल्या दोन किलोच्या सशाची रक्तशर्करा चार तासांत ४५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या बेतापर्यंत, उतरवायला जेवढा अर्क लागेल तेवढं एक युनिट! माणसांना हे माप फार मोठं पडू लागलं, तेव्हा त्याचा एक तृतीयांश धरला.

तरी टोरंटोचा ससा आणि लंडनचा ससा सारखे थोडेच? १९२५मध्ये राष्ट्रसंघाच्या जिनिव्हातल्या परिषदेने एक प्रमाणित भुकटीच ठरवली. तिच्या एका मिलिग्रॅममध्ये ८ युनिट. पुढे इन्सुलिन शुद्ध होत गेलं. आज एक युनिट म्हणजे ०.०३४७ मिलिग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमला जवळजवळ २९ युनिट.

बाटलीवरच्या आकड्याने मात्र लोकांना छळलं. ब्रिटनमध्ये सिरिंजवर मिलिलिटरला २० रेघा असत. चाळीसच्या इन्सुलिनची एक रेघ म्हणजे २ युनिट, ऐंशीच्या इन्सुलिनची तीच रेघ म्हणजे ४. डॉक्टर युनिट सांगणार, रुग्ण रेघा मोजणार. १९८३मध्ये तिथे सगळं शंभरवर आणलं, तेव्हा हा घोळ मिटला.

आपल्याकडे तो टोपणाच्या रंगावर टांगलेला आहे. चाळीसच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतो. चाळीसच्या बाटलीतून ते बरोबर २० युनिट. त्याच रेघेपर्यंत शंभरच्या बाटलीतलं औषध ओढलं, तर ५० युनिट! अडीचपट डोस, आणि रेघ तीच. चिठ्ठीवर ‘१०’पुढे इंग्रजी ‘यू’ घाईत लिहिला की तो शून्यासारखा दिसतो आणि १०चे १०० होतात. म्हणून ‘युनिट’ हा अख्खा शब्द लिहायला सांगतात.

गंमत म्हणजे सशाचं हे माप आता इन्सुलिन नसलेल्या औषधांच्याही वाटेला आलंय. सेमाग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो. अमेरिकेत काही फार्मसींनी स्वतः बनवलेलं हे औषध बाटलीत भरून दिलं आणि लोकांनी ते इन्सुलिनच्या सिरिंजने मोजलं. तिथल्या औषध प्रशासनाने २०२४मध्ये इशारा दिला, की काहींनी ठरल्याच्या पाच ते वीस पट डोस टोचून घेतला. शंभरच्या सिरिंजवरचं एक ‘युनिट’ म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग, एवढंच; त्यात औषध किती मिलिग्रॅम, ते बाटलीवरच्या लेबलात शोधावं लागतं.