तालीम, माजघर आणि नमस्कार

रायपुरात शारदा चौकाकडून आझाद चौकाकडे निघाले की वाटेत तात्यापारा लागतो. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले, 1758 पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले, आणि त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, पुढे इंग्रजी अमलात वकील, मास्तर, रेल्वेतले नोकर अशी मराठी माणसे छत्तीसगडात येत राहिली. बुढापारा, ब्राह्मणपारा, तात्यापारा या त्यांच्या जुन्या वस्त्या. तात्यापाऱ्यातले हनुमान मंदिर रायपूरकरांना वेगळे सांगावे लागत नाही. मारुती म्हटला की मराठी मनात मागोमाग तालीम येते: जोर, बैठका, जोडी, लाल मातीचा हौदा. आणि तालीम आली की बाई उंबऱ्याबाहेर राहते. यावरून सर्रास असे मानले जाते की नवरा-बायकोने जोडीने व्यायाम करणे ही आपल्याकडची गोष्टच नव्हे, जिम आणि ट्रॅकसूटबरोबर आलेले ते खूळ आहे. मला हे पटत नाही. मराठी घरात बाईच्या व्यायामाला कधीच बंदी नव्हती. जोडीला अडसर होता तो जागेचा, कपड्यांचा आणि वेळेचा. यांतले पहिले दोन अडसर शंभरेक वर्षांपूर्वीच आपल्याच माणसांनी दूर केले.

मंगळागौर आठवावी. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी पूजा झाली की नवी नवरी रात्र जागवते ती नुसती गाणी म्हणून नव्हे. फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणे, आणि कोंबडा! हा शेवटचा प्रकार म्हणजे उकिडवे बसून उड्या मारत पुढे जाणे. तालमीतल्या बैठकांना तो मुळीच हार जात नाही. म्हणजे ज्या वर्षांत नवरा पहाटे तालमीत घाम गाळत असे, त्याच वर्षांत बायको माजघरात दम काढत होती. घर एक, व्यायाम दोन, आणि मध्ये भिंत. बाईच्या नेसण्यामुळे ती भिंत उभी राहिली, असे कोणी म्हणेल तर तेही टिकत नाही. कासोटा घातलेल्या नऊवारीत शेतावरची कामे होत होती, घोड्यावर बसता येत होते. पंचाईत खरे तर पुरुषाच्या लंगोटाची होती. आळीतल्या सासू-सुनांसमोर त्या वेशात जोर मारणे कोणाही सभ्य गृहस्थाला जमले नसते, म्हणून त्याला आडोसा लागे, आणि त्या आडोशाचे नाव तालीम.

याहून वजनदार आक्षेप ब्रह्मचर्याचा आहे. मारुती ब्रह्मचारी, समर्थ रामदास ब्रह्मचारी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला रूप देणारे बाळंभटदादा देवधर यांची परंपराही पुरुषांचीच. या वातावरणात बळ आणि संसार यांचे वाकडेच समजले जाई, मग जोडीने व्यायाम कुठून येणार? आक्षेप खरा आहे, पण तो पहिलवानाला लागू आहे. तात्यापाऱ्यातला कारकून किंवा मास्तर फड मारायला निघालेला नव्हता, त्याला शरीर धड ठेवायचे होते. उलट बाजूने सर्कशीचे उदाहरण पुढे केले जाते. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये ग्रेट इंडियन सर्कस काढली तेव्हा ते घोड्यावरची कामे करत आणि त्यांच्या पत्नी झुल्यावरच्या कसरती. जोडपे झकास, तरीही मी ते माझ्या बाजूचा पुरावा म्हणून घेत नाही. तो त्यांचा धंदा होता, आणि पोटासाठी केलेली कसरत शेजारच्या घरातली रीत बदलत नाही. संघटनांनीही ती बदलली नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चे. नागपुरात 1925 साली संघ निघाला तो पुरुषांचा, वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी 1936 मध्ये राष्ट्र सेविका समिती काढली ती स्त्रियांची. बाई मैदानात आली, पण मैदान दुसरे.

फरक पडला तो औंधमुळे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (1868-1951) यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत मुलांना आणि मुलींना सारखेच लावले. त्यांच्या स्वतःच्या घरात राणीसाहेबांसकट सगळे नमस्कार घालीत, आणि ही गोष्ट राजेसाहेब लपवत नसत, प्रचारात अभिमानाने सांगत. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक 1938 मध्ये लंडनहून निघाले, तेव्हा तर हा घरगुती व्यायाम थेट विलायती गृहिणींपुढे गेला. नमस्काराला हौदा लागत नाही, जोडीदार मल्ल लागत नाही, लंगोट लागत नाही. सतरंजीएवढी जागा पुरते. व्यायाम तालमीतून घरात आला आणि मधल्या भिंतीचे कारणच उरले नाही. धर्माच्या किंवा सुधारणेच्या वादात जे सुटले नसते, ते जागा बदलल्याने सुटले. नागपूर-वऱ्हाडशी आणि देशावरच्या नातेवाइकांशी येणेजाणे असलेल्या रायपूरच्या मराठी घरांना तर ही सोय आणखीच मोलाची, कारण परमुलखात प्रत्येक आळीला तालीम उभी करण्याइतकी माणसे नसतात. खोली मात्र प्रत्येकाकडे असते.

यावर कोणी विचारील, राजाने लावले म्हणून राणीने घातले, त्यात जोडीचे काय? नवरा मोजणार आणि बायको वाकणार, हाही एक हुकूमच. ही शंका मला रास्त वाटते, आणि औंधच्या प्रचारात वडीलधारा सूर आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बरोबरी हुकमावर नव्हे, पहाटेच्या वेळेवर अडली होती. सूर्योदयाला नमस्कार घालायचे तर त्या घटकेला बाईचे हात मोकळे हवेत, आणि विहिरीचे पाणी, ढेंकीवर भात कांडणे, चूल हे सगळे त्याच घटकेचे काम. रायपुरात खारून नदीचे पाणी नळाने आणणारी, राजनांदगावच्या राजा बलरामदासांच्या नावाची पाणीयोजना 1892 मधली आहे. भाताच्या गिरण्या पुढे वाढत गेल्या. चुलीची जागा गॅसने घेतली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणून जोडीच्या व्यायामाचा इतिहास लिहिताना औंधच्या पुस्तकाइतकाच नगरपालिकेचा नळही जमेस धरला पाहिजे, आणि ज्या घरांत नळाला पाणी आजही पहाटेच तासभर येते तिथे नमस्कार एकटा नवराच घालताना दिसला, तर दोष मारुतीच्या ब्रह्मचर्यावर ढकलू नये.