पियानो, गृहवाद्य म्हणून

पट्टी दाबली असता नमद्याने मढविलेली हातोडी तारेवर आदळून ज्यात स्वर उत्पन्न होतो, असे एक पाश्चिमात्य तंतुवाद्य. आधुनिक पियानोत सामान्यतः ८८ पट्ट्या (५२ पांढऱ्या व ३६ काळ्या) आणि सु. २३० तारा असतात. पियानोची कीर्ती सभागृहांतील मैफलींमुळे झाली असली, तरी त्याचा प्रसार मुख्यत्वे घरगुती वाद्य म्हणून झाला. व्हायोलिन शिकणाऱ्यास स्वराची जागा स्वतःच्या बोटांनी शोधावी लागते. पियानोवर ती आधीच निश्चित केलेली असते, त्यामुळे नवशिक्यासही पहिल्या दिवशी योग्य स्वर काढता येतो. मात्र हा तयार स्वर टिकविणे वादकाच्या हाती नसते. त्यासाठी त्याला स्वर जुळविणाऱ्या तज्ञावर अवलंबून राहावे लागते. सुलभ प्रारंभ आणि परावलंबी निगा हे या वाद्याचे वैशिष्ट्य असून त्यामुळे त्याचे शिक्षण, निवड आणि निगा यांचा इतिहास परस्परांत गुंतलेला आहे.

उगम व गृहप्रवेश : पियानोचा जनक बार्तोलोम्मेओ क्रिस्तोफोरी (१६५५–१७३१) हा फ्लॉरेन्स येथील मेदीची घराण्याच्या पदरी वाद्यांची देखभाल व निर्मिती करीत असे. त्या घराण्याच्या वाद्यसंग्रहाच्या १७०० मधील यादीत या नव्या वाद्याचा उल्लेख आढळतो. तत्पूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई व पट्टी हलकी वा जोराने दाबली तरी आवाजात फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीच्या वाद्यात हातोडी तारेवर आघात करून लगेच मागे सरे आणि बोटाच्या वेगाप्रमाणे आवाज सौम्य वा तीव्र होई. त्याने तयार केलेले १७२०, १७२२ व १७२६ या वर्षांचे तीन पियानो अनुक्रमे न्यूयॉर्क, रोम व लाइपसिक येथील संग्रहालयांत आहेत.

दरबारातील हे महागडे वाद्य मध्यमवर्गीय घरांत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने लंडनमधील कारागिरांना द्यावे लागते. मूळचा जर्मन असलेल्या योहानेस झुंपे याने १७६६ च्या सुमारास टेबलाच्या आकाराचे छोटे चौकोनी पियानो बनविण्यास सुरुवात केली. ते स्वस्त, सुटसुटीत आणि लहान खोलीत मावणारे असल्याने लोकप्रिय झाले. १८०० मध्ये फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्झ व व्हिएन्नात मातिआस म्यूलर यांनी स्वतंत्रपणे तारा उभ्या ताणलेले लहान पियानो तयार केले. पुढे लंडनच्या रॉबर्ट वॉर्नम याने या उभ्या पियानोच्या यंत्रणेत सुधारणा केल्या. १८२५ मध्ये बॉस्टन येथील ॲल्फिअस बॅबकॉक याने अखंड बिडाच्या चौकटीचे एकस्व घेतले. लाकडी सांगाड्याला न पेलणारा ताण या चौकटीमुळे सहन होऊ लागला. आधुनिक पियानोतील सर्व तारांचा एकत्रित ताण सु. १८ ते २० टन भरतो. भिंतीला टेकून उभा राहणारा व बिडाची चौकट असलेला पियानो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूरोप-अमेरिकेतील सुस्थित घराचे लक्षण ठरला. हप्त्यांनी विक्री करण्याच्या पद्धतीमुळे तो कनिष्ठ मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आला.

शिक्षणपद्धती : कार्ल फिलिप एमानुएल बाख (१७१४–८८) याने १७५३ व १७६२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पट्टीवाद्यांच्या वादनाचे शास्त्र मांडले व अंगठ्याच्या पद्धतशीर वापरावर भर दिला. म्युत्सिओ क्लेमेंती (१७५२–१८३२) हा वादक, शिक्षक, प्रकाशक आणि पियानोचा उत्पादकही होता. १८०१ मधील त्याचे प्रवेशपुस्तक विद्यार्थ्यांत बरेच प्रचलित झाले. बेथोव्हनचा शिष्य व लिस्टचा गुरू कार्ल चेर्नी (१७९१–१८५७) याने बोटांच्या व्यायामांची असंख्य पुस्तके रचली. सोप्याकडून अवघडाकडे जाण्याचा त्याचा क्रम आजही अनेक शिक्षक पाळतात.

या शिस्तीचा अतिरेकही झाला. योहान बेर्नहार्ट लोगिअर याने १८१४ मध्ये हाताची ठेवण पक्की करण्यासाठी एका चौकटीचे एकस्व घेतले. तीत विद्यार्थ्याची मनगटे दोन दांड्यांमध्ये व बोटे स्वतंत्र खाचांमध्ये अडकविली जात. बोटांचे बळ वाढविण्याच्या अशा यांत्रिक साधनांची लाट ओसरल्यावर कानाला व समजुतीला महत्त्व देणारी दृष्टी बळावली. रॉबर्ट शूमान (१८१०–५६) याने १८४८ मध्ये मुलांसाठी रचलेल्या छोट्या संगीतरचना आणि बेलॉ बॉर्टोक (१८८१–१९४५) याच्या मिक्रोकोस्मोस या संग्रहातील १५३ क्रमवार रचना ही या दृष्टीची उत्तम उदाहरणे होत. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या (स्थापना १८७२) व राजकीय संगीतशाळांच्या संयुक्त मंडळाच्या (स्थापना १८८९) श्रेणीबद्ध परीक्षांमुळे घरी शिकणाऱ्यांनाही एक सर्वमान्य मापदंड मिळाला. पण वर्षभर केवळ परीक्षेच्या तीन-चार रचनाच घोटण्याची प्रवृत्तीही त्यातूनच वाढली.

स्त्रिया व पियानो : घरगुती पियानो शिकणाऱ्यांत मुलींचे प्रमाण मोठे होते. चेर्नीने १८४० च्या सुमारास आपले वादनविषयक विवेचन एका तरुणीला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात प्रसिद्ध केले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. पियानोवादन हा विवाहयोग्य मुलीचा गुण मानला जाई. ते चांगले यावे, परंतु त्याचा व्यवसाय होऊ नये, अशी अपेक्षा असे. फॅनी मेंडेल्सझोन (१८०५–४७) हिचे शिक्षण भाऊ फेलिक्स याच्या बरोबरीने झाले. तथापि संगीत हा फेलिक्सचा व्यवसाय होऊ शकेल, तिच्यासाठी मात्र तो केवळ अलंकार राहावा, असे तिच्या वडिलांनी १८२० मध्ये तिला कळविले. तिची सहा गीते फेलिक्सच्या नावाने प्रसिद्ध झाली. १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्यांतील एक गाऊन दाखविले, तेव्हा ते बहिणीचे असल्याचे त्याला सांगावे लागले. स्वतःच्या नावाने क्रमांकित रचना प्रसिद्ध करण्यास तिने १८४६ मध्ये आरंभ केला आणि पुढच्याच वर्षी तिचे निधन झाले. याउलट क्लारा शूमान (१८१९–९६) हिला पियानोचे शिक्षक व विक्रेते असलेल्या वडिलांनी हेतुपुरस्सर व्यावसायिक वादक म्हणून घडविले. पतीच्या मृत्यूनंतर तिने मैफली व अध्यापन यांच्या बळावर कुटुंब सांभाळले. ज्या वाद्याने अनेकींना दिवाणखान्यात बसविले, त्याच वाद्याने शिक्षिकेच्या पेशाच्या रूपाने असंख्य स्त्रियांना स्वतंत्र उपजीविकाही दिली.

निवड : आडव्या तारांच्या ग्रँड पियानोत हातोडी स्वतःच्या वजनाने खाली परतते. सेबास्त्यँ एरार याने १८२१ मध्ये एकस्व घेतलेल्या योजनेमुळे त्यात पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वीच स्वर पुन्हा वाजविता येतो. उभ्या पियानोत हातोडी आडवी मागे जात असल्याने स्प्रिंग व फितींची मदत घ्यावी लागते व द्रुत पुनरावृत्तीला मर्यादा पडते. प्रारंभिक शिक्षणास मात्र चांगला उभा पियानो पुरेसा होतो. त्यांतही उंच वाद्यात तारा लांब व ध्वनिफलक मोठा असल्याने खर्जाचे स्वर अधिक भरदार उमटतात.

जुने वाद्य घेताना बाहेरील चकाकीपेक्षा आतील भाग तपासणे महत्त्वाचे असते. तारांच्या खुंट्या ज्या फळीत ठोकलेल्या असतात ती फळी तडकली वा सैल झाली असेल, तर वाद्य सुरात राहत नाही आणि तिची दुरुस्ती कित्येकदा वाद्याच्या किंमतीपेक्षाही महाग पडते. ध्वनिफलकाच्या चिरा, तारांवरील गंज, नमद्याला लागलेली कसर व हातोड्यांवर पडलेल्या खोल खाचा याही पाहाव्या लागतात. जुन्या पियानोंच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असे. १९७५ पासून आशियाई व १९९० पासून आफ्रिकी हत्तींच्या दंतव्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध असल्याने अशी वाद्ये देशाबाहेर नेताना अडचणी येतात.

स्वरजुळणी व निगा : पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यासाठी प्रत्येक षड्ज-पंचम अंतर शुद्ध अंतरापेक्षा अर्धस्वराच्या सु. पन्नासाव्या भागाने लहान ठेवावे लागते. दोन तारा एकत्र वाजविल्यावर ऐकू येणाऱ्या आवाजाच्या चढउतारांवरून, म्हणजे विस्पंदांवरून, जुळविणारा हे अंतर ठरवितो. या कलेला लेखी शास्त्राचे रूप देणाऱ्यांत पॅरिसचा क्लोद माँताल (१८००–६५) अग्रगण्य होय. बालपणीच दृष्टी गमावलेल्या माँतालने पॅरिसच्या अंधविद्यालयात शिकत असता जुना पियानो सोडवून, हाताने चाचपून त्याची रचना जाणून घेतली आणि पुढे स्वरजुळणीचा व्यवसाय केला. प्रत्येकाने आपला पियानो स्वतः कसा जुळवावा, हे सांगणारा त्याचा ग्रंथ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला. मालक स्वतः जुळवू लागले नाहीत. परंतु माँतालच्या उदाहरणामुळे हा व्यवसाय अंधांसाठी खुला झाला. लंडन येथे १८७२ मध्ये स्थापन झालेल्या अंधांच्या महाविद्यालयातही तो शिकविला जाई.

ध्वनिफलक सामान्यतः स्प्रूसच्या लाकडाचा असतो. हवेतील बाष्प शोषून तो फुगतो व स्वर चढतात. कोरड्या हवेत तो आकसून स्वर उतरतात. म्हणून वाद्याजवळील सापेक्ष आर्द्रता शक्यतो ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान स्थिर ठेवणे इष्ट असते. पियानो खिडकी, ऊन, ओलसर भिंत व वातानुकूलन यंत्राचा झोत यांपासून दूर ठेवावा. वर्षातून किमान दोनदा तो जुळवून घ्यावा. अनेक वर्षे उपेक्षित राहिलेले वाद्य एकाच बैठकीत मूळ स्वरावर न आणता टप्प्याटप्प्याने चढविणे श्रेयस्कर असते. अन्यथा तारा तुटण्याचा संभव असतो. दमट प्रदेशांत वाद्याच्या तळाशी अल्पशक्तीची विद्युत् तापक कांडी बसविण्याची पद्धत आहे.

उतरती कळा व स्थलांतर : अमेरिकेत १९०९ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. १९२० नंतर तेथील उत्पादनाचा मोठा हिस्सा छिद्रित कागदाच्या गुंडाळीवर चालणाऱ्या स्वयंचलित पियानोंचा होता. वादन न शिकताही घरात संगीत मिळू लागले. ग्रामोफोन, नभोवाणी व १९२९ नंतरची महामंदी यांमुळे अनेक कारखाने बंद पडले. त्यानंतर या उद्योगाचे केंद्र पूर्वेकडे सरकले. जपानमधील यामाहा कंपनीने १९०० मध्ये पहिला उभा पियानो बनविला आणि १९५४ मध्ये मुलांसाठी संगीतवर्ग सुरू करून वाद्य व शिक्षण यांची सांगड घातली. एकविसाव्या शतकात चीन हा सर्वांत मोठा उत्पादक देश ठरला. १९८० नंतर प्रसार पावलेल्या अंकीय पियानोस जुळणी लागत नाही व तो कर्णश्रवणीवर इतरांना त्रास न देता वाजविता येतो. लहान सदनिकांत तो सोयीचा असला, तरी तार व ध्वनिफलक यांच्या परस्पर अनुनादाचा अनुभव त्यात पूर्णतः येत नाही.

भारतातील स्थिती : ब्रिटिश अमदानीत पियानो कोलकाता, मुंबई इ. शहरांत आला. उष्ण व दमट हवेत सरसाचे सांधे सुटत असल्याने इंग्लंडमधील उत्पादक भारतासाठी स्क्रूंनी पक्के केलेले पियानो बनवीत. मुंबईत पारशी, अँग्लो-इंडियन, गोमंतकीय व अन्य ख्रिस्ती कुटुंबांत त्याचे शिक्षण रुजले. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांत पोर्तुगीज काळापासून पाश्चिमात्य स्वरलेखन शिकविले जाई. त्यातून तयार झालेल्या वादकांनी मुंबईत शिक्षक म्हणून व हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत मोलाची कामगिरी केली. मुंबईत जन्मलेले व्ही. बालसारा (१९२२–२००५) यांनी पियानोवर भारतीय राग वाजविण्याचे प्रयोग केले. तथापि मींड व श्रुतिभेद यांना स्थिर स्वरांच्या या वाद्यात वाव नसल्याने हिंदुस्थानी संगीतात तो रुजला नाही. स्थिर स्वरांचा दोष हार्मोनियममध्येही आहे. परंतु स्वस्त, उचलून नेता येणारी व वारंवार जुळणी न लागणारी पेटी महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली आणि मराठी संगीत रंगभूमीने पायपेटी व ऑर्गन यांना आपलेसे केले. पियानो मागे पडण्यास संगीतविषयक कारणांइतकेच निगेचे ओझेही कारणीभूत झाले, असे यावरून दिसते. पियानो घेणाऱ्या कुटुंबाने वाद्याच्या किंमतीबरोबरच नियमित जुळणीचा खर्च, योग्य जागा आणि शिक्षकाची उपलब्धता यांचाही विचार करणे आवश्यक असते. कारण बेसूर वाद्यावर शिकणाऱ्या मुलाचा कान बिघडतो व दोष मात्र त्याच्या बोटांना दिला जातो.