अनवाणी बॅक
कोल्हापुरात तालमीकडून फुटबॉलमध्ये मी बॅकला, म्हणजे बचावाला खेळायचो. गोल करणाऱ्याला पोरं खांद्यावर घ्यायची, आमच्या वाट्याला चुकल्यावरच्या शिव्या! म्हणून जुन्या काळातले बॅक गोष्ठ पाल मला जवळचे वाटतात. जन्म १८९६चा, फरीदपूर जिल्ह्यातला. विशीच्या आतच कोलकात्याच्या मोहन बागान क्लबमध्ये. गोऱ्या पलटणींचे बूट अंगावर यायचे, हा गडी अनवाणी पायानं चेंडू काढून घ्यायचा. १९२१मध्ये कप्तान झाले. १९२३मध्ये मुंबईत रोव्हर्स कपची फायनल गाठली. डरहॅम लाइट इन्फन्ट्रीनं हरवलं. १९२५मध्ये ऑफसाइडचा नियम सैलावला. तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुढं असले तरी फॉरवर्ड मोकळा, म्हणजे बॅकची डोकेदुखी वाढली. तरी ते १९३५पर्यंत खेळले. १९६२मध्ये पद्मश्री मिळवणारा भारताचा पहिला फुटबॉलपटू गोल करणारा नव्हता, बॅक होता.