खर्ड्याच्या बाणाला दुसरा टप्पा का नव्हता

मांजरा नदी पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि वळसे घेत बीदरकडे जाते. 1795 साली हैदराबादच्या निजाम अलीची फौज बीदरहून निघाली ती याच मांजरेच्या काठाने, नदीच्या उलट दिशेने, मराठ्यांच्या सरहद्दीकडे सरकत आली. मोहरीचा घाट उतरून ती खाली आली आणि 11 मार्चला खर्ड्यापाशी लढाईला तोंड लागले. खर्डा जामखेड तालुक्यात, पाटोद्याच्या दक्षिणेला. जिल्हा बदलतो, मुलूख तोच. इतिहासकार ग्रँट डफने या लढाईचे जे वर्णन केले आहे त्यात दारूगोळ्याचा एक प्रसंग ठळक आहे. निजामाचे घोडदळ आपल्या पायदळाच्या मदतीला शिस्तीत पुढे येत होते. त्यावर नागपूरकर रघूजी भोसल्यांनी बाणांचा वर्षाव केला आणि त्याच वेळी शिंद्यांचा फ्रेंच सेनानी पेराँ याने उंचवट्यावर मांडलेल्या 35 तोफा सुरू झाल्या. बाण म्हणजे दारू ठासलेली नळी आणि तिला बांधलेला लांब बांबू. एका बाणाच्या डोक्यावर दुसरा बसवावा, पहिला विझता विझता दुसऱ्याने पेट घ्यावा, ही कल्पना त्या वेळी जगात दोनशे वर्षांहून जुनी होती. मराठ्यांच्या, म्हैसूरकरांच्या किंवा पुढे इंग्रजांच्या लढाऊ बाणांनी ती उचललेली दिसत नाही. रॉकेटचा जन्म युद्धात झाला आणि करमणूक मागाहून आली, असे आपण सर्रास म्हणतो. बाणाबद्दल ते खरे असेलही. पण टप्प्याचे, म्हणजे बाणावरच्या बाणाचे, कूळ वेगळे आहे. ते शोभेच्या दारूत सापडते, आणि युद्धाने त्याकडे पाठ फिरवली त्यामागे सबळ कारण होते.

टप्पा कसा चालतो हे सर्वांत स्वच्छ दिसते ते मॉडेल रॉकेटच्या मोटरीत. 18 मिलिमीटर जाड, 70 मिलिमीटर लांब अशी कागदाची नळी. खालच्या तोंडाशी माती दाबून केलेली तोटी, तिच्यावर घट्ट ठासलेली काळी दारू. एकट्याने उडणाऱ्या रॉकेटच्या मोटरीत या दारूच्या वर सावकाश जळणारा मसाला असतो. तो काही सेकंद नुसता धूर सोडतो, तेवढ्यात रॉकेट मिळालेल्या वेगावर वर चढून घेते, आणि मग सर्वांत वरची चिमूटभर दारू भडकून टोकाचा शंकू उडवते व पॅराशूट बाहेर पडते. खालच्या टप्प्याच्या मोटरीत यातले काहीच नसते. तिच्यावर सी6-0 असे छापलेले असते: सी ही एकूण जोराची प्रत, 6 म्हणजे सरासरी सहा न्यूटनचा रेटा, आणि शून्य म्हणजे मध्ये थांबणे नाही. दारू खालून वर जळत जाते, शेवटी तिचा पातळ पापुद्रा उरतो, आतल्या दाबाने तो फुटतो आणि पेटते कण थेट वरच्या मोटरीच्या तोटीत घुसतात. वरची पेटली की तिच्या झोताने खालचा टप्पा लोटला जातो आणि गिरक्या घेत जमिनीवर येतो. दोन्ही मोटरी टोकाला टोक भिडवून सांध्यावर सेलोटेपचा एकच वेढा देतात. तो नसेल तर पापुद्रा फुटताना आलेला दाब वरची मोटर पेटण्याआधीच दोघींना अलग करतो, आणि मग वरचा टप्पा थंडच खाली येतो. एक मोटर वाढली की शेपटीकडचे वजनही वाढते आणि गुरुत्वमध्य खाली सरकतो, म्हणून खालच्या टप्प्याचे पंख मोठे ठेवावे लागतात; नाहीतर उड्डाणदांडी सोडल्यावर रॉकेट सरळ जाण्याऐवजी कोलांट्या खाते.

या सगळ्यात कळीची गोष्ट एकच: आग वर पोचवणे. दिवाळीच्या बाणात हेच काम शतकानुशतके चालत आले आहे. नळीतली दारू जळत वर येते, डोक्यावरच्या डबीला आग देते आणि आभाळात रंगीत तारे सुटतात. त्या डबीच्या जागी दुसरी नळी ठेवली की टप्प्याचे रॉकेट झाले. नवे असे फार काही शोधावे लागत नाही. लढाऊ बाणाकडे पाहा. म्हैसूरच्या बाणांत लोखंडी नळी आणि बांबू, कधी जोडीला तलवारीचे पाते. अशा बाणाच्या डोक्याशी आगीला सहसा काम नसे. काम नाही तिथे कसब वाढत नाही.

युरोपातला पुरावाही याच बाजूला झुकतो. योहान श्मिडलाप हा जर्मन आतषबाजीवाला. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने मोठ्या बाणावर छोटा बाण चढवला तो शोभेची दारू जास्त उंच जावी म्हणून. त्याच काळात पैठणचे एकनाथ महाराज काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' लिहीत होते. ते 1571 च्या सुमारास पुरे झाले आणि त्यात लग्नाच्या सोहळ्यात दारूकामाचे वर्णन आहे. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा 1400 ते 1900 असा इतिहास लिहिताना या काव्याची साक्ष काढली आहे. म्हणजे श्मिडलाप प्रयोग करत होता त्याच पिढीत गोदाकाठच्या कवीला दारूकामाचे प्रकार लग्नघरातले म्हणून ओळखीचे होते. याहून बोलका दाखला पेशव्यांच्या बखरीतला आहे. कोट्याच्या दिवाळीत दारूची लंका उभारतात, रावण आणि राक्षस दारूचेच असतात, शेपटी पेटलेला हनुमान उडत जाऊन एकेक घर पेटवतो, असे महादजी शिंद्यांनी पेशवे सवाई माधवरावांना सांगितले, आणि मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसा देखावा करवून घेण्यात आला. महादजी पुण्यात होते ते 1792 ते 1794. खर्डा त्यानंतर सुमारे वर्षभराने. बाणावर बाण ही युक्ती मराठी कारागिरांनी काढली असा दावा यातून करता येत नाही आणि मी करत नाही. पण ठरलेल्या क्रमाने, एकातून दुसऱ्याला आग देत जाण्याचे कसब त्या दरबारात कुठे नांदत होते ते यातून दिसते. ते पर्वतीच्या लंकेत होते. खर्ड्याच्या माळावर त्याची कुणाला गरज नव्हती.

यावर तीन आक्षेप निघतात आणि तिन्ही हलके नाहीत. पहिला चिनी अग्निनागाचा. चौदाव्या शतकातल्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिनी दारूग्रंथाच्या परंपरेत बांबूच्या पोकळ नागाला बाहेरून बाण जोडलेले आहेत. ते जळून संपताना नागाच्या पोटातल्या बाणांना आग देतात आणि ते तोंडातून सुटतात. हे उघडच शस्त्र होते. दुसरा आक्षेप ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिबिऊचा: तिथल्या शस्त्रागाराचा प्रमुख कॉनराड हास याने श्मिडलापच्याही आधी दोन आणि तीन टप्प्यांची रॉकेटे रेखाटली. त्याचे हस्तलिखित 1961 मध्ये पुन्हा उजेडात आले. तिसरा काझिमिएश सिएमिएनोविचचा. त्याच्या 1650 च्या ग्रंथात टप्प्यांचे रॉकेट छापील आकृतीसह आहे, आणि तो तोफखान्यातला माणूस. पण त्या काळी शस्त्रागाराचा प्रमुख आणि दरबारी आतषबाजीचा कर्ता हा बहुधा एकच माणूस असे. त्याच्या वहीत दोन्ही धंदे शेजारी शेजारी असायचे. प्रश्न वही कुणाची हा नसून त्यातली कुठली गोष्ट रणांगणावर गेली हा आहे, आणि टप्पा गेला नाही. अग्निनाग हा खरा अपवाद, तो मान्य करायला हवा. मात्र तो पाण्यावरून लांबच्या गलबतांवर सोडायचा होता. तिथे अंतर हीच अडचण होती.

या 'अंतर' शब्दापाशी सगळा उलगडा आहे. खर्ड्याला रघूजींना हवे होते ते घोडे बुजवणे. त्यासाठी बाण पुष्कळ हवेत, स्वस्त हवेत, उंटावर लादता यावेत आणि एका दमात सुटावेत. शत्रू समोर दिसतो आहे. दुप्पट लांब जाणारा बाण त्याच्या डोक्यावरून जाईल. शिवाय बाण मुळात भरवशाचा नव्हता. पहिला टप्पा थोडा जरी कलला, तरी दुसरा त्या कललेल्या दिशेनेच जोर लावतो आणि चूक वाढवत नेतो. आतषबाजीत बाण चार हात बाजूला फुटला तर पाहुणे टाळ्याच वाजवतात; लढाईत तो आपल्याच लोकांवर येतो. म्हैसूरच्या बाणांवरून स्फूर्ती घेऊन काँग्रीव्हने 1804 पासून इंग्रजांसाठी जी रॉकेटे केली तीही एकाच टप्प्याची. काळ्या दारूच्या जोडरॉकेटला पहिले नियमित काम मिळाले ते मारण्याचे नव्हे, वाचवण्याचे: एकोणिसाव्या शतकात बॉक्सर या इंग्रज अधिकाऱ्याने दोन रॉकेटे एकामागे एक जोडून फुटणाऱ्या जहाजाकडे दोर फेकण्याचे साधन केले. पुन्हा अंतरच. आणि युद्धाने टप्पा खरोखर वापरून पाहिला तेव्हा काय झाले? जर्मनांचे राइनबोटे चार टप्प्यांचे, दोनशे किलोमीटरपलीकडे जाणारे. दीड टनाहून जास्त वजनाच्या या रॉकेटच्या टोकाला स्फोटकाचे डोके होते अवघे 40 किलोचे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अँटवर्पवर अशी दोनशेवर रॉकेटे सोडली आणि त्यांनी युद्धावर काडीचा परिणाम केला नाही.

मग क्षेपणास्त्रांचे काय, असे कुणीही विचारील. 1957 मध्ये उडालेले सोव्हिएत आर-7 हे खंडापार जाणारे शस्त्र होते आणि टप्प्यांचे होते. खरे आहे, पण तोवर दोन गोष्टी बदलल्या होत्या. लक्ष्य हजारो किलोमीटरवर गेले होते, आणि अणुबाँबमुळे नेम थोडा चुकला तरी चालेल अशी भयंकर सोय झाली होती. लढाऊ बाणाला टप्पा नकोसा करणारी दोन्ही कारणेच संपली. त्याआधी टप्प्याचा हिशेब मांडला तो शिक्षक त्सिओल्कोव्हस्कीने, अवकाशात जाण्यासाठी. 1903 च्या त्याच्या सूत्राचा मथितार्थ असा की रॉकेटचा वेग झोताच्या वेगावर आणि सुरुवातीचे वजन शेवटच्या वजनाच्या किती पट आहे यावर ठरतो, आणि तोही त्या पटीच्या लॉगॅरिथमने, म्हणजे फार चिक्कूपणे, वाढतो. घाट चढताना रिकामी घागर खांद्यावर ठेवण्यात अर्थ नाही, तसे रिकामी नळी वाहून नेण्यातही नाही. 24 फेब्रुवारी 1949 ला जर्मनांच्या व्ही-2 रॉकेटच्या डोक्यावर बसवलेले वॅक कॉर्पोरल हे छोटे रॉकेट सुमारे 393 किलोमीटर उंच गेले. एकटे व्ही-2 शस्त्र म्हणून एकाच टप्प्याचे होते. त्याच्यावर चढला तो वरच्या वातावरणाची मोजमापे घेणारा प्रवासी. आपल्याकडचे एसएलव्ही-3 तर चारही टप्पे घन इंधनाचे. 10 ऑगस्ट 1979 चे पहिले उड्डाण दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणातल्या बिघाडाने फसले, आणि 18 जुलै 1980 ला 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या घन इंधनामागे पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर होते. 1979 पासून थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालकही तेच होते.

छंदातले रॉकेट मात्र या मोठ्यांची नक्कल म्हणून आले नाही, ते सरळ फटाक्याच्या घरातून आले. नेब्रास्कातल्या नॉरफोकचा ऑर्व्हिल कार्लाइल बुटांचे दुकान चालवी आणि हौसेने आतषबाजी करी. 1954 मध्ये त्याने कागदी मोटरीचे पहिले मॉडेल रॉकेट केले. मागणी वाढल्यावर यंत्राने मोटरी ठासण्याचे काम व्हर्नन एस्टेसकडे गेले, त्याच्या घरचा धंदाही फटाक्यांचाच. आपला 1884 चा स्फोटक कायदाही फटाके आणि रॉकेट यांची नावे एकाच व्याख्येत घेतो. त्यामुळे काळ्या दारूची मोटर घरी ठासणे हा आपल्याकडे छंद होऊ शकत नाही, आणि होऊही नये.

छंदाच्या रॉकेटांत आग हातोहात देण्याची ही रीत आता त्या कागदी मोटरीपुरतीच उरली आहे. मोठ्या छंदरॉकेटांतले संमिश्र इंधन पापुद्रा फोडून ठिणग्या पुढे देत नाही. तिथे वरची मोटर विजेच्या तारेने पेटवावी लागते, आणि ती पेटवणारे यंत्र आधी उंची आणि कल पाहते. रॉकेट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झुकले असेल तर ते वरची मोटर पेटवतच नाही. कागदी मोटरीला हे कळत नाही. मोठ्या पंखांमुळे टप्प्याचे रॉकेट वारा येतो त्या दिशेला तोंड फिरवते, आडवे झाले तरी पापुद्रा वेळेवर फुटतो आणि वरचा टप्पा आडवाच सुटतो. म्हणून जाणते लोक वारा पडलेला असेल तेव्हाच ते उडवतात.