वाईचे घाट कोणी बांधले?



वाईस जाणारा प्रवासी बहुधा पाचगणीच्या वाटेवर घटकाभर थांबतो, ढोल्या गणपतीला हात जोडतो आणि पसरणीचा घाट चढू लागतो. माझी विनंती अशी की, या शांत कृष्णाकाठासाठी एक सबंध दिवस राखावा आणि तो पायी हिंडावा. मी पुस्तकी इतिहासकार नव्हे. कामगारांत वावरलेला माणूस आहे. म्हणून कोणतीही वास्तू पाहिली की, ती कोणी बांधविली याच्या जोडीला ती कोणी बांधली, हाही प्रश्न मला पडतो.

प्रारंभ गणपती आळीपासून करावा. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. लोक मूर्तीचा भव्य देह पाहून परततात. आपण देवळाच्या मागे जावे. तेथील भिंत सरळ नाही. माशासारखी निमुळती काढलेली आहे. कृष्णा फुगली की पुराचा लोंढा त्या टोकावर दुभंगतो व दोन्ही अंगांनी निघून जातो. पाण्याशी झुंजायचे नाही, त्याला वाट करून द्यायची, ही अक्कल त्या दगडांत आहे. रास्त्यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. ज्या पाथरवटाने दगडाला तो बाक दिला, त्याचे नाव कोणी घेत नाही.

तेथून सुमारे तीन किलोमीटरवर मेणवली. नाना फडणीसांचा वाडा, त्यामागे नदीत उतरणारा चंद्रकोरी घाट आणि वडाच्या सावल्या. नानांच्या कागदांचे मेणवली दप्तर अभ्यासकांना परिचित आहे. मेणवलेश्वराजवळ एक मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण. विजय चिमाजीअप्पांचा खरा. परंतु असले ओझे सह्याद्री ओलांडून येते, ते माणसांच्या आणि जनावरांच्या बळावरच! पेशवाईत वेठ होती, हे ध्यानात ठेवून त्या घंटेकडे पाहावे.

आता नदीच्या वरच्या अंगाला धोमकडे जावे. एकोणीसशे सत्तरच्या दशकात पुऱ्या झालेल्या धोम धरणाचा जलाशय डोंगरांच्या कुशीत पसरला आहे. देखावा सुंदर आहे, आणि त्या पाण्याने खालची शिवारे हिरवी केली, हेही निर्विवाद आहे. परंतु त्याच पाण्याखाली गावे आहेत. घरे, देवळे, पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन आहे. राज्यातील धरणग्रस्तांना संघटित व्हावे लागले. हमाल पंचायतीचे बाबा आढाव त्यांच्या चळवळीत होते. १९७६ साली महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदा झाला, तो काही आपोआप झाला नाही.

गणपती आळीच्या पाथरवटांची नावे काळाने पुसली; त्याला आज इलाज नाही. पण धोमच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांची मुले-नातवंडे आपल्यात आहेत. गाव कुठे होते, विहीर कुठे होती, कोणत्या दिवशी सामान गाडीत भरले, हे सांगणारी वृद्ध माणसे अजून भेटतील. तेव्हा वाईस जाल तर पिशवीत एक वही असू द्या. घाट पाहा, घंटा पाहा, जलाशयही डोळे भरून पाहा. आणि मग एखाद्या म्हाताऱ्यापाशी बसून त्याचे नाव, त्याच्या गावाचे नाव लिहून घ्या. नाहीतर आणखी शंभर वर्षांनी कोणी तरी याच व्यासपीठावरून विचारील की, या पाण्याखाली कोण राहत होते, आणि उत्तर द्यायला कोणी नसेल.