आजोबांचा कोनाडा

माझे आजोळ अंबाजोगाईचे. आजोबांच्या ओसरीवरल्या कोनाड्यात तीनच पोथ्या मावत. बाकीच्या माजघरातल्या पेटीत. मागतील ती आणून देणे हे माझे काम. कोनाडा भरलेला असला की त्यात सर्वांत आधी आलेल्या पोथीची मी पेटीत रवानगी करी. नेमकी तीच ते पुन्हा मागत! शोधाशोध होईतो दिवेलागण होई आणि आजोबांचे वाचन राहून जाई. “कोनाडा मोठा करा,” हा माझा हट्ट.

पुढे संगणकांचा इतिहास वाचताना हाच प्रश्न पुन्हा भेटला.

दासोपंतांची पासोडी आमच्याच गावची. कापडावर लिहिलेले ते ‘पंचीकरण’. त्यातला मधला मजकूर पाहावयाचा तर कापड उलगडत जावे लागते. पोथीचे सुटे पान मात्र थेट काढता येते. संगणकाच्या स्मृतीतही हे दोन्ही प्रकार आहेत. चुंबकीय फीत ही पासोडीच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ची स्मृती मात्र पोथीसारखी होती. फेराइटच्या चिमुकल्या कड्यांत २,०४८ शब्द मावत आणि हवा तो शब्द थेट हाती येई. कोणत्या घरातले काढावयाचे, ते यंत्राला आकड्यानेच सांगावयाचे.

१९६२ साली मँचेस्टरच्या ‘ॲटलास’ यंत्रात आमच्या घरासारखी सोय झाली. कड्यांची स्मृती हा कोनाडा, फिरता चुंबकीय ढोल ही पेटी, आणि ५१२ शब्दांचे एक पान. हवे ते पान जवळ नसले तर यंत्र आपणच ते ढोलावरून आणी. पण त्यासाठी जागा करताना परत धाडावयाचे कोणते?

आय. बी. एम. मधील लास्लो बेलाडी यांनी १९६६ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. युक्ती साधी होती. चालता कार्यक्रम कोणते पान केव्हा मागतो याची नोंद ठेवावयाची, आणि तीच यादी निरनिराळ्या मापांच्या काल्पनिक कोनाड्यांना लावून खेपा मोजावयाच्या. १९६९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण गोष्ट दाखविली: कोनाडा वाढविला तरी कधीकधी खेपा वाढतात!

विश्वास बसत नसेल तर पाडव्याच्या दुपारी पत्ते घ्या. एक्का ते पंजी, पाच पाने. मागणीचा क्रम असा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. आधी आलेले आधी जाईल, या नियमाने तीन जागांत ९ खेपा होतात, चार जागांत १०. त्याऐवजी ज्याला सर्वांत जास्त वेळ हात लागलेला नाही, ते पान परत धाडा. त्याच चार जागांत ८ खेपांत भागते. आणि या रीतीने जागा वाढविल्यास खेपा कधीच वाढत नाहीत.

म्हणजे माझा हट्ट पुरवूनही फारसे साधले असतेच असे नाही. आजोबा कोणती पोथी कोणत्या दिवशी मागतात, हे मी महिनाभर पाटीवर टिपून ठेवावयास हवे होते. चार संध्याकाळी त्यांना अधिक वाचावयास मिळाल्या असत्या.