खाडाखोडीवरची सही

१९५३ साली चंडीगड शहराचे उद्घाटन झाले आणि दोनच वर्षांनी, १९५५ साली, मुंबईत गोदरेजचे पहिले भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार झाले. आज चंडीगडच्या सेक्टर ४३ मधील जिल्हा न्यायालयात जाणाऱ्या अर्जातील चूक संगणकाच्या पडद्यावरच नाहीशी होते. परंतु कचेऱ्यांतून आणि कोर्टांच्या आवारांतून ज्या काळी टंकलेखनयंत्रे खडखडत होती, त्या काळी एकदा उमटलेले अक्षर सहजासहजी परत घेता येत नसे, आणि म्हणूनच चुकीची दुरुस्ती ही टंकलेखकाच्या कौशल्याची खरी कसोटी मानली जाई.

मूळ प्रतीखाली तीन कार्बन नकला चढविलेल्या असल्या, की एका अक्षराची चूक चार कागदांवर उमटे. अशा वेळी जाणता टंकलेखक, रबराचा चुरा यंत्रात पडू नये म्हणून, प्रथम रोलर एका कडेला सरकवी; मग पुसावयाच्या प्रतीमागे कागदाचा कपटा घालून खालच्या नकला काळवंडणार नाहीत अशी तजवीज करी, आणि कागद न फाटेल अशा बेताने अक्षर घासून त्याच जागी नवे उमटवी. देवनागरी यंत्रावर पेच निराळाच असे. अनुस्वार राहिला, तर एक घर मागे येऊन तो देता येई. परंतु ख, भ, ध ही अक्षरे अर्धे अक्षर आणि काना अशा दोन ठोक्यांत साधत असल्यामुळे, काना राहिला की त्याला जागाच उरत नसे, आणि सबंध शब्द पुसून, रोलर हाताने अर्ध्या घरावर रोखून, अक्षरे दाटीने बसवावी लागत.

अमेरिकेत डॅलसच्या एका बँकेतील सचिव बेट्टी नेस्मिथ ग्रॅहम यांनी चुका झाकण्यासाठी पांढरा रंग वापरला आणि १९५६ पासून तो विकण्यास आरंभ केला. पुढे तोच 'लिक्विड पेपर' म्हणून जगभर पोहोचला. पत्रव्यवहाराला ही सफेदी सोयीची होती. दस्तऐवजात मात्र ती संशयास्पद ठरे. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम २० अन्वये, ओळींमध्ये घातलेला मजकूर, कोरी जागा, खाडाखोड किंवा फेरबदल यांवर दस्त करून देणाऱ्यांची सही वा आद्याक्षरे नसतील, तर नोंदणी अधिकाऱ्यास दस्त नाकारता येतो. म्हणून चुकलेला शब्द वाचता येईल असा खोडावा, बरोबर शब्द वर लिहावा आणि शेजारी सही घ्यावी, हाच शिरस्ता पडला.

चूक उघड ठेवून तिची जबाबदारी घेणारी ही रीत मला सर्वांत प्रामाणिक वाटते. यंत्रे गेली, तरी ते कलम कायम आहे. तेव्हा वाचकहो, दस्तावर सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक दुरुस्तीवर पक्षकारांची सही आहे ना, हे अवश्य पाहावे.